हेलिकॉप्टरला हात करणारे भोयर गुरुजी

आकाशात हेलिकॉप्टर दिसलं की लहान मुलं हात हलवतात. आमचे भोयर गुरुजीही हलवतात. फरक एवढाच, की मुलं एक हात हलवतात आणि गुरुजी दोन्ही. मुलं लगेच विसरून खेळायला लागतात, आणि गुरुजी हेलिकॉप्टर सागाच्या शेंड्यांपलीकडे दिसेनासं झालं तरी हात वर धरून उभेच असतात. निवृत्तीला आलेला माणूस, डोक्याचे केस पिकलेले, आणि शाळेच्या पटांगणात असा उभा! नवखा माणूस आधी आकाशाकडे बघतो आणि मग आमच्याकडे बघतो.

आमची जिल्हा परिषदेची शाळा आलापल्लीच्या जवळ आहे. भामरागडकडे जाणारी बरीचशी सरकारी हेलिकॉप्टरं आमच्या कौलांवरूनच जातात. मी नवा रुजू झालो होतो तेव्हाची गोष्ट. गुरुजी शेजारच्या वर्गात भागाकार शिकवत होते. मध्येच त्यांचा खडू थांबला, मान तिरकी झाली. "आले," म्हणून ते बाहेर पडले आणि त्यांच्यामागे सगळा वर्ग. मला काहीच ऐकू येत नव्हतं. बऱ्याच वेळानं घरघर ऐकू आली.

"मोठे भाऊ हायेत," गुरुजींनी जाहीर केलं.

विमानांना ते नावानं हाक मारत नाहीत, नात्यानं मारतात. हवाई दलाचं थोराड एमआय म्हणजे मोठे भाऊ. लहानखुरं, जुनं चेतक म्हणजे मामा. "मामा थकले आता, पन कामाले नाई म्हनत नाई." लढाऊ विमान म्हणजे जावई, कारण "आवाज लय करते अन् थांबत नाई." एकदा कुठल्याशा समारंभाला जाणारं जुनं डकोटा वाट वाकडी करून आमच्यावरून गेलं. दोन पंख्यांचं, चंदेरी, रमतगमत चाललेलं. गुरुजींनी पायातल्या चपला काढल्या. "आजोबा," एवढंच म्हणाले. दिवसभर त्यांचं शिकवण्यात लक्ष नव्हतं, आणि मुलांचं तर नव्हतंच नव्हतं.

त्यांचा कान नेहमीच बरोबर असतो असं मात्र नाही. धान कापणीच्या दिवसांत एकदा ते असेच धावत बाहेर आले आणि सगळी शाळा हात वर करून मामांची वाट बघत राहिली. मामा आले ते रस्त्यावरून. मळणीयंत्र होतं. चालवणाऱ्या पोरानं आपला एवढा सत्कार कधी पाहिला नसावा, त्यानं आम्हा सगळ्यांना नमस्कार केला. दुसऱ्या खेपेस तपासणीला आलेले साहेब प्रश्न विचारत होते आणि गुरुजींनी बोट वर केलं. "थांबा साहेब, भाऊ येऊन राह्यले." साहेबही बाहेर आले. हात मात्र त्यांनी हलवला नाही, शेऱ्यात काय लिहिलं ते आम्हाला मुख्याध्यापकांच्या तोंडावरून समजलं.

एकदा मधल्या सुट्टीत मी त्यांना सरळ विचारलं. "गुरुजी, एवढे हात हलवता, पण वरच्या माणसाला खालचं दिसतं तरी का?"

मी थट्टेनं विचारलं होतं. गुरुजींच्या हातातली भाकर तशीच राहिली.

"तेच तं मले मालूम नाई, सर," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी ते पर्लकोटा नदीच्या पलीकडच्या एका गावात मास्तर होते. बायको, शांताबाई, पोटुशी होती. पावसाळ्यात नदी फुगली, रस्ता तुटला आणि बाईंची तब्येत बिघडली. पुरात अडकलेल्यांना अन्नाची पाकिटं टाकायला हेलिकॉप्टर फिरत होतं, ते गावकऱ्यांनी खुणा करून करून उतरवलं. बाईंना आत घेतलं. आधीच आजारी माणसं भरलेली होती, गुरुजींना जागा नव्हती. "थे लय भेत होती जी. माहा हात सोडत नव्हती. मी म्हनलं, तू चाल, मी खालीच हावो. मंग वर गेलं, तं मी दोन्ही हातानं... धानाच्या बांधीतून पळत गेलो मागं मागं. पडलो, उठलो, पुना पळालो."

पाणी ओसरल्यावर ते नागपूरच्या दवाखान्यात पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं. बाई आणि बाळ, दोघंही.

"तिले मी दिसलो असन का, एवढंच पाहाचं हाये. एक डाव आत बसून. मागं कोनी हाये, हे तिले समजलं असन का?"

त्या दिवसापासून मी त्यांना पुन्हा कधी तसं विचारलं नाही. पण हेलिकॉप्टरमध्ये बसायचं कसं? मास्तरला तिथं जागा मिळते ती एकाच कारणानं. निवडणूक. दूरच्या मतदान केंद्रांवर मास्तरांना आणि मशीनना हेलिकॉप्टरनंच पोचवतात.

निवडणूक लागली की आमच्या जिल्ह्यातल्या मास्तरांना अचानक रोग होतात. कुणाची कंबर धरते, कुणाला चक्कर येते, कुणाची सासू अत्यवस्थ होते. तहसील कार्यालयापुढे अर्जांची रांग लागते: दूरचं केंद्र नको. त्या रांगेत एकटे गुरुजी उलटा अर्ज घेऊन उभे असत. मला सगळ्यात दूरचं केंद्र द्या, जिथं गाडी जात नाही असं. तिथले बाबू हुशार. हा माणूस आपण होऊन तिकडं जायचं म्हणतो, म्हणजे काहीतरी घोळ आहे, असा त्यांनी हिशेब बांधला. दर निवडणुकीला गुरुजींना डांबरी रस्त्यावरचं केंद्र मिळे, समोर चहाची टपरी असलेलं. बाकीचे मास्तर त्यांचा हेवा करायचे.

ही त्यांच्या नोकरीतली शेवटची निवडणूक. मी म्हटलं, "गुरुजी, सरळ बोटानं तूप निघत नाही." आणि मीच त्यांचा अर्ज लिहून दिला: गुडघे दुखतात, कृपया दुर्गम केंद्रावर पाठवू नये. आठवड्यात आदेश आला. जिल्ह्याच्या अगदी टोकाचं केंद्र, प्रवास हेलिकॉप्टरनं. गुरुजींनी आदेश देवाजवळ ठेवला. त्याच पथकात दुसरं नाव माझं होतं. माझी कंबर खरोखर दुखते, पण ते आता कुणाला सांगणार?

ठरलेल्या दिवशी भर उन्हात पोलिसांच्या मैदानावर मोठे भाऊ उभे होते. गुरुजी जवळ गेले आणि पत्र्यावरून हात फिरवला. पथकातले बाकीचे लोक घाबरून रामराम जपत होते, गुरुजींनी तेवढी खिडकी पकडली. आत बाकं भिंतीला लागून असतात, खिडकी पाठीमागे येते. गुरुजींनी पट्टा बांधला आणि मान वळवून नाक काचेला लावलं.

पंखा फिरला आणि खालची धूळ उठली. मैदान गेलं, तंबू गेले, निरोप द्यायला उभी असलेली माणसं गेली. सगळं लालसर धुरकट. धुळीतून बाहेर आलो तेव्हा खाली नुसतं जंगल होतं. गुरुजी पुढे वळून बसले. उतरतानाही तेच, पडीक बांधीत चुन्यानं काढलेली खूणसुद्धा धुळीत बुडाली. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. "काईच दिसत नाई, सर," म्हणाले.

मतदान नीट पार पडलं. निघायच्या दिवशी सकाळी मी उठून बघतो तर गुरुजी बोअरिंगवरून बादल्या भरून त्या बांधीत पाणी ओतत होते. ज्या गुडघ्यांसाठी अर्ज केला त्याच गुडघ्यांनी.

"तवा पावसाळा होता!" मला पाहताच ते ओरडले. "भुई वली होती, सर. धूळ कुठून उडन?"

मीही बादली उचलली. पहाऱ्यावरच्या जवानांना बरंच वाटलं, एरवी पाणी मारायचं काम त्यांच्यावरच येतं. तिथल्या शाळेत खिचडी शिजवणारी ताराबाई पाण्यानं भरलेला गुंड डोक्यावर घेऊन आली, तिच्या मागून चार बाया. गुरुजींनी तिला सगळं सांगितलं आणि बांधाच्या टोकाशी कुणीतरी उभं राहून हात हलवायला हवा, असंही सांगितलं.

"मी राह्यतो ना जी. लाल लुगडं नेसून येतो, दुरून दिसन."

गुरुजींनी विचार केला. "नोको बाई. मी पांढऱ्या सदऱ्यात होतो."

"मंग आमच्या बुढ्याले उभं करतो. त्याची बंडी पांढरी हाये," ताराबाई म्हणाली आणि नवऱ्याला बोलवायला गेली.

हेलिकॉप्टर आलं. आम्ही वाकून, कान दाबून आत शिरलो. गुरुजींनी पुन्हा खिडकी धरली, मी त्यांच्याशेजारची. पंख्याचा जोर वाढला. चिखलाचे शिंतोडे उडाले, धूळ उडाली नाही. आम्ही जमीन सोडली.

सगळं दिसत होतं. पालथी पडलेली बादली दिसत होती. पदर दाताखाली धरलेली ताराबाई दिसत होती. आणि बांधाच्या टोकाशी पांढऱ्या बंडीतला म्हातारा दोन्ही हात हलवत होता. हेलिकॉप्टर वळलं तसा तो चालू लागला, मग पळू लागला. त्याला पळायला कुणीही सांगितलेलं नव्हतं. शेताच्या धुऱ्यावरून धडपडत, धोतर सावरत, मान वर करून तो आमच्या मागे येत होता. एकदा पडला, उठला, पुन्हा पळाला. त्याचं उघडं तोंडसुद्धा मला दिसलं.

गुरुजींनी माझा दंड घट्ट धरला होता. चेहरा काचेकडेच होता, गालांवरून पाणी वाहत होतं. त्या आवाजात काही ऐकू येणं शक्य नव्हतं, म्हणून मी कान त्यांच्या तोंडाजवळ नेला. ते माझ्याशी बोलत नव्हते. काचेवर तळवा टेकवून ते खालच्या माणसाला पुन्हा पुन्हा सांगत होते, "दिसले जी, दिसले. आता पळू नोका. घरी जा."