मूळच्या धुळीसकट ट्रक

जुनी वस्तू जोवर कुणाच्या दृष्टीस पडत नाही, तोवर ती अडगळ असते. दोन माणसांनी शेजारी उभं राहून तिच्याकडे पाहिलं की तिचा ठेवा होतो. (एकट्याने पाहून भागत नाही, 'वा!' म्हटलेलं ऐकायला दुसरा लागतो.) या नियमाला आजवर अपवाद आढळलेला नाही, आणि आमच्या मागच्या गल्लीत मावशींच्या गोदामात सापडलेल्या ट्रकनेही तो मोडला नाही.

मावशी म्हणजे अख्ख्या गल्लीच्या मावशी. त्यांच्या यजमानांचा मालवाहतुकीचा धंदा होता. यजमान गेले, धंदा गेला, घरामागचं पत्र्याचं गोदाम तेवढं राहिलं. आता एवढा मोठा ट्रक स्वतःच्याच गोदामात हरवतो कसा, असं काही लोक विचारतात. त्यांच्या घराला माळा नसावा. घरातली वस्तू कधी हरवत नाही, तिच्यापुढे दुसरी वस्तू येते. ट्रकपुढे आधी एक कपाट आलं. कपाटापुढे गाद्या आल्या, गाद्यांवर ताडपत्री आली, आणि ताडपत्रीपुढे 'असू दे, लागेल कधीतरी' या सदरातल्या सगळ्या वस्तू आल्या. शेवटी गोदामाचं दार उघडलं की समोर मोडका पाळणा दिसे आणि मावशी सांगत, "आत काही नाही हो, नुसता पाळणा आहे."

हा गैरसमज त्यांच्या मुलीने दूर केला. मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. अवघडलेल्या माना, धरलेल्या कंबरा आणि मुरगळलेले घोटे ताळ्यावर आणणं हा तिचा व्यवसाय. इस्पितळातली नोकरी सोडून तिला स्वतःचा दवाखाना काढायचा होता, आणि तो या गोदामातच निघणार होता, कारण दुसरीकडे जागा घेण्याची ऐपत नव्हती. राजीनामा देऊन झाला होता. (तरुण पिढी घाई करते ती अशी.) उपचारांचं सामानही येऊन पडलं होतं, पण गोदाम रिकामं होईपर्यंत त्याचा मुक्काम स्वयंपाकघरात होता. मावशी व्यायामाच्या मोठ्या चेंडूवर बसून, कमरेच्या पट्ट्यांच्या ढिगाला टेकून, भाजी निवडत. चेंडूवरून त्या एकदाच घसरल्या, आणि तेव्हाही भाजी सांडली नाही.

तर मुलीने एका सकाळी पाळणा ओढला, गाद्या ओढल्या, कपाट सरकवलं, आणि मागून ट्रकने तोंड दाखवलं. लांब नाक, दोन गोल दिवे, लाकडी हौदा, रबरी फुग्याचा भोंगा. इतकी वर्षं ताटकळत ठेवल्याबद्दल त्याला काही बोलायचं असावं, पण घरच्या माणसांसमोर कसं बोलायचं म्हणून तो गप्प असावा, असा एकंदर चेहरा. मुलीने त्याच दिवशी गल्लीत सांगून टाकलं, "ट्रक विकायचाय. लवकरात लवकर."

'लवकरात लवकर' म्हणाली तिथेच ती फसली.

मी बातमी कानावर पडताच गेलो. मला ट्रकची गरज नव्हती, हे आधीच नमूद करतो. गरज असलेला माणूस जुन्या वस्तूंच्या क्षेत्रात बेभरवशाचा समजला जातो. तो सरळ 'चालतो का?' असं विचारतो आणि वातावरण बिघडवतो. माझ्यासोबत माझा मेहुणा होता, कारण तो नेहमीच असतो. गल्लीच्या टोकाला राहणारे दंतवैद्य आमच्याआधी पोचले होते. त्यांचा एकंदर जुन्याचा अभ्यास दांडगा आहे. त्यांच्या दवाखान्यातली मासिकं पाहिली की खात्री पटते.

ट्रक घेण्याचा विचार कसा करावा याची रीत ठरलेली आहे. विचार करणाऱ्याने प्रथम लांब उभं राहून दोन्ही हात पाठीमागे बांधावेत. मग ट्रकभोवती एक फेरी मारावी. मग वाकून खाली पाहावं. खाली नेमकं काय पाहायचं असतं हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणूनच बराच वेळ पाहावं लागतं. चटकन वर आलेल्या माणसाला काही कळत नाही असा लोकांचा समज होतो. वर येताना 'हं' म्हणावं. शेवटी टायरला लाथ मारावी. माझ्या पाहणीनुसार शंभरातले शहाण्णव लोक लाथ मारतात. उरलेल्या चौघांपैकी तिघे अनवाणी असतात आणि एकाची आधीच मारून झालेली असते.

किंमत मात्र विचारू नये. विचारली तर समोरचा माणूस सांगून बसतो, मग विचार संपतो आणि व्यवहार सुरू होतो. आमच्यापैकी कुणी हा अडाणीपणा केला नाही. मुलगी बिचारी रोज सकाळी किंमत ठरवून, चेहऱ्यावर हसू आणून दारात उभी राहायची आणि संध्याकाळी ती किंमत तशीच घेऊन घरात जायची.

दुसऱ्या रविवारी धुळीचं प्रकरण घडलं. गिऱ्हाइकाला ट्रक बरा दिसावा, या समजुतीने मुलीने ओलं फडकं घेऊन बॉनेट पुसून काढलं. आम्ही आत शिरलो आणि दंतवैद्य मटकन एका गादीवर बसले.

"काय केलंस हे पोरी!"

"पुसलं, काका. किती धूळ होती!"

"होती ना! मूळची होती ती! ट्रकबरोबरची!"

मेहुण्याने तिला समजुतीच्या स्वरात सांगितलं, "अगं, धूळ म्हणजे त्याचं वय. आता हा जुना आहे हे कोण मानेल? उद्या लोक म्हणतील, कालच आणून ठेवलाय."

मुलीने त्याच्याकडे पाहिलं, मग ट्रककडे पाहिलं. ट्रक कालचा वाटत नव्हता. पण आम्ही तिघे होतो आणि ती एकटी होती, त्यामुळे मूळ धूळ मूळ जागी परत न्यावी असं एकमताने ठरलं. फडक्यावरची धूळ ओली झाल्याने बाद करावी लागली. गोदामाच्या कोपऱ्यात मात्र त्याच काळातली, त्याच छपराखालची धूळ विपुल होती. मेहुण्याने ती मावशींच्या चहाच्या गाळणीतून बॉनेटवर चाळली. दंतवैद्यांनी लांबून पाहून, डावीकडे थोडी कमी आहे, अशी सूचना केली. ती गाळणी नंतर कुठे गेली याची चौकशी आम्ही केली नाही; चहा मात्र नेहमीसारखाच आला.

याच सुमारास मी घरी अंगण मोजलं. ट्रक अंगणात मावत होता, फक्त त्याचं नाक मावत नव्हतं. नाक रस्त्यावर काढायचं की स्वयंपाकघराची भिंत पाडून आत घ्यायचं, एवढाच तपशील बाकी होता. तो मी बायकोपुढे ठेवला.

"आणा की," ती म्हणाली. "आला की माझं सामान त्यातच भरा आणि मला माहेरी सोडा. निदान एक तरी खेप होईल त्याची."

घरातून पाठिंबा मिळाल्याने माझा उत्साह दुणावला. मी आठवड्यातून दोनदा विचार करायला जाऊ लागलो. आणखीही माणसं येऊ लागली, गल्लीबाहेरचीसुद्धा. सगळ्यांना चहा द्यावा लागे. गोदामातलं बाकीचं सामान अंगणात आलं होतं आणि ट्रक जागच्या जागी होता. दवाखान्याचा पत्ता नव्हता आणि मुलीची शिल्लक संपत आली होती. शेवटी एके दिवशी मावशींनी चहाचा ट्रे हौद्यावर आपटला आणि त्या म्हणाल्या, "अहो भाऊ, फुकट न्या! एक पैसा नको. पण आज न्या, मला त्या चेंडूवर बसवत नाही आता!"



सामान्य माणसाने अशा वेळी ट्रक नेला असता. पण विकणारा घाई करतो तेव्हा घेणाऱ्याने सावध व्हावं, आणि विकणारा फुकट देतो तेव्हा घेणाऱ्यांनी मंडळ स्थापन करावं, हा अनुभवाचा भाग आहे. फुकट म्हणजे काहीतरी गोम असणारच. मंडळ तिथल्या तिथे स्थापन झालं. दंतवैद्य अध्यक्ष झाले, कारण ते आधीच बसलेले होते. इंजिन आतून सडलं असावं, असं अध्यक्षांचं मत पडलं. मेहुण्याचं मत उलट: ट्रक अतिशय मोलाचा असावा आणि मायलेकींना त्याचा पत्ता नसावा, तेव्हा तो फुकट घेणं हा त्यांच्यावर अन्याय होईल. मी म्हणालो, दोन्ही बाजूंचा विचार व्हायला हवा. ठराव मंजूर झाला.

मुलगी दाराशी उभी होती. तिचे डोळे भरून आलेले मी पाहिले. मला फार वाईट वाटलं. म्हणून त्या दिवशी मी चहा अर्धाच कप घेतला.

गोम शोधायची म्हणजे खोलात जाणं आलं. मंडळाचे सदस्य आता नुसते वाकत नव्हते, पालथे पडून पाहत होते. माझी मान उजवीकडे वळली आणि तिथेच राहिली. मेहुणा दोन चाकांच्या मधून बाहेर येताना अर्ध्यावर थांबला. त्याच्या कमरेत उसण भरली होती आणि तो तिथूनच आपलं मत मांडत राहिला. अध्यक्षांनी निष्कर्षाला बळकटी म्हणून टायरला लाथ मारली. इतक्या वर्षांत ते रबर दगडासारखं झालं होतं. अध्यक्षांच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्यांनी आजवर फक्त दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला होता.

मुलगी धावत आली. आधी तिने मेहुण्याला पाय धरून बाहेर ओढलं. मग हौद्याचा मागचा फाळका पाडला, त्यावर एक जुनी गादी टाकली आणि आम्हा तिघांना पाळीपाळीने आडवं केलं. हौद्याची उंची तिच्या हाताला अगदी बरोबर येत होती. अध्यक्षांचा घोटा तिने अशा काही हलक्या हाताने फिरवला, की ते लाथ मारल्याचं विसरले आणि उठताना अवघडून म्हणाले, "किती झाले गं?"

त्या गोदामात कुणी किंमत विचारण्याची ती पहिलीच वेळ.

तिने सांगितली. त्यांनी दिली. मुलीने हातातल्या पैशांकडे पाहिलं, टायरकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. दारात चार नवीन माणसं उभी होती. चौघांचेही हात पाठीमागे बांधलेले होते.

पुढच्या रविवारी गोदामावर पाटी लागली: 'ट्रक विकणे आहे. विचार करायला आत यावे.' त्याखाली बारीक अक्षरात: 'मान, कंबर, घोटा.' पाहणाऱ्यांच्या सोयीसाठी मुलीने ट्रकखाली एक मिणमिणता दिवा लावला आहे. त्याचा उजेड खालचं स्पष्ट दिसेल इतका नाही, आणखी थोडं वाकलं तर दिसेल असं वाटण्याइतका आहे. दर शनिवारी मावशी स्वतः बॉनेटवर धूळ चाळतात, डावीकडे किंचित जास्त. स्वयंपाकघर मोकळं झालं आहे. चहाचे आता वेगळे पडतात. गोदाम रिकामं न करता दवाखाना निघाला आणि जोरात चालतो आहे. (ट्रक चालतो का, हे अजून कुणी विचारलेलं नाही.) आमच्या मंडळाकडे तिथल्या पंचावन्न टक्के रुग्णांना प्रवृत्त केल्याचं श्रेय जातं, उरलेले आमचे नातेवाईक आहेत.

परवा मी हौद्यावर आडवा होतो. मान तिच्या हातात होती, नजर केबिनच्या मागच्या छोट्या खिडकीवर. खिडकीतून स्टिअरिंग दिसत होतं. वर्षानुवर्षं कुणाच्या तरी हातांनी झिजलेलं. बहुधा तिच्या वडिलांच्या. आणि इतक्या विचारांती पहिल्यांदाच मला तो ट्रक अगदी मनापासून हवासा वाटला. मोलाचा म्हणून नव्हे, जुना म्हणून नव्हे, नुसता भोंगा वाजवत एकदा गल्लीतून न्यावा म्हणून.

"मी घेतो ट्रक," मी म्हणालो. "सांग किंमत."

तिचे हात थांबले. "काका, मान हलवू नका."

"अगं, खरंच म्हणतोय मी. म्हणशील ती देतो."

ती बाजूला झाली. तिने हात पाठीमागे बांधले आणि ट्रकभोवती एक सावकाश फेरी मारली. वाकून खाली पाहिलं, बराच वेळ. वर येताना म्हणाली, "हं." मग टायरजवळ आली, लाथ मात्र मारली नाही, तेवढं शिक्षण तिचं झालेलं आहे.

"विचार करून सांगते, काका," ती म्हणाली. "घाई नाही ना?"

तेव्हापासून ती विचार करते आहे आणि मी रविवारी न चुकता जातो. आशा वाईट असते, आणि मानही.

वाचकहो, तुम्ही हसलात. पण मधेच कुठेतरी तुम्ही मनातल्या मनात आपल्या दारापुढची जागा मोजून पाहिलीत, आणि नाकाचं काय करायचं हेही ठरवलंत. कबूल करायची गरज नाही. हे वाचताना तुमची मान आत्ता जितकी पुढे आली आहे, तेवढी पाहून मुलगी सगळं ओळखते. ट्रक अजून आहे. रविवारी या, आणि येताना स्वतःचा टॉवेल आणा.