वर्गमूळ वजा कडता

शेअरची खरी किंमत काढायची तर अख्ख्या गोंदियात माझ्याकडेच यावं, असं माझं स्पष्ट मत होतं. होतं म्हणजे, त्या शुक्रवारी दुपारपर्यंत होतं. पतसंस्थेत व्हाउचर तपासणारा माणूस हे बोलतोय म्हणून हसू नका. कंपनी एका शेअरमागे वर्षाला किती कमावते तो आकडा घ्या, शेअरमागे तिची मालमत्ता किती तो घ्या, दोन्हींचा गुणाकार साडेबावीसने गुणा आणि वर्गमूळ काढा. आली खरी किंमत! बाजार वेडा असतो, वर्गमूळ वेडं नसतं.

माझ्या बायकोचे, रेणूचे, वडील पुनाराम यांच्याकडे एका तेल कंपनीचे जुने शेअर पडून होते. ते विकून त्यांना कामठ्याच्या तलावाखालची धानाची बांधी परत घ्यायची होती. तलावाचं पहिलं पाणी मिळणारा तो शेताचा तुकडा आमच्याच लग्नात विकला गेला होता. तेव्हापासून त्याच पैशांतून आलेली लग्नातली अंगठी मी खिशात लपवून सासरी जातो. आता बांधीचे मालक केवळराम यांनी निरोप धाडला होता, "आज सांजपर्यंत हो म्हणा, नाहीतर उद्या दुसऱ्या पार्टीले देतो."

म्हणजे साडेतीनला बाजार बंद व्हायच्या आत शेअर विकले जायलाच हवे होते. शेअर सासऱ्यांचे, ॲप मेहुण्याच्या म्हणजे कुशलच्या फोनवर, आणि भाव सांगणार अर्थातच मी.

कमाई चाळीस, मालमत्ता चारशे. उत्तर बरोबर सहाशे. बाजारात भाव होता पाचशे अठ्ठावीस. दुपारपर्यंत बाजाराला अक्कल येईल, असा हिशेब करून मी फोन लावला. सासूबाईंनी, धुरपताबाईंनी उचलला.

"मामी, मामाजींना सांगा, सहाशेच्या खाली विकायचे नाहीत."

"सांगतो जी जवाईबापू."

दोन वाजले. पाचशे तीस. अडीच वाजले. पाचशे सत्तावीस. माझ्या हातातल्या व्हाउचरांना घाम लागायला लागला. आकडा खाली आणावा असं वाटत होतं, पण वर्गमूळ खाली आणायचं कोणत्या तोंडाने? तीन वाजता मात्र डोळ्यांसमोर बांधीच यायला लागली आणि मी शरमेने कुशलला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. तीन वीसला लागला.

"कुशल, ऑर्डर कितीची टाकली?"

"पाचशेची टाकली भाऊजी. विकले बी गेले."

पाचशेने विकले म्हणजे बांधीच्या पैशाला तूट पडणार, हे मला पाठ होतं.

"पाचशे? अरे, मी सहाशे सांगितले होते!"

"मले बाबांनं पाचशे वीस सांगितले."

"मग वीस कुठे गेले?"

"थोडा कडता कापला जी."

साहेबांना पोट दुखतंय असं सांगून मी मोटरसायकल कामठ्याकडे हाणली. अंगठी काढायचं भानही राहिलं नाही. अंगणात केवळराम चहा पीत बसले होते. सासरे खाली बघत होते.

"मामाजी, मी सहाशे म्हणालो होतो," मी म्हणालो.

"मले तं इनं पाचशे साठ सांगितले. मी त्याच्यातून कडता कापला."

मी सासूबाईंकडे पाहिलं. "मी बी कापला," त्या शांतपणे म्हणाल्या. "जवाईबापू सांगते म्हटल्यावर थोडं कापाच लागते ना."

या घरात जन्म धान विकण्यात गेलेला, आणि तिथे व्यापारी दर पोत्यामागे वजनात थोडी कपात धरतो, तोच कडता. ओल्याचा कडता, बारदानाचा कडता, कचऱ्याचा कडता. कानावर आलेला आकडा पूर्ण धरायची सवयच कोणाला नाही. माझं वर्गमूळ तीन तोंडांतून गेलं आणि दर तोंडाला हलकं होत गेलं.

"मंग सौदा कसा करता?" केवळराम उठायला लागले. सासऱ्यांची मान अजून खाली गेली. मला रडू यायचंच बाकी होतं.

"थांबा जी," कुशल फोन चाळत म्हणाला. "इथं तं पाचशे अठ्ठावीसनं गेले दाखवते."

मी फोन हिसकावला. खरंच! पाचशेची ऑर्डर म्हणजे पाचशेपेक्षा कमी नको, एवढंच. समोर पाचशे अठ्ठावीसचं गिऱ्हाईक उभं होतं, त्याने त्याच भावाने उचलले. हे मला माहीत होतं, पण घाबरल्यावर आठवलं नाही. आणि माझे सहाशे कोणी जसेच्या तसे टाकले असते, तर शेअर घरात राहिले असते आणि बांधी दुसऱ्याच्या घरात.

केवळराम पुन्हा बसले. सौदा पक्का झाला, सासूबाईंनी गूळ वाटला. सासऱ्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मामाजी, मूळ आकडा माझाच होता," मी हळूच म्हटलं.

"तुमचाच जी. तुमचं सांगनं चांगलंच राहते. कडता कापला का बराबर बसते."

घरी आल्यावर मी रेणूला एवढंच सांगितलं, की तुझ्या बाबांनी आज सगळ्यांसमोर माझं खूप कौतुक केलं.

"थोडं केलं असन," ती म्हणाली.