तात्यांचं गाऱ्हाणं

गेल्या पौषात, एका शनिवारी दुपारी, तात्या शिगवण मुंबईहून मस्कतला विमानाने गेले. त्याआधी एकदा ते विमानतळाच्या दारातून परत आले होते. त्याचं कारण त्यांनी वाडीत असं सांगितलं : "चौकशी केली मी. इमानाला हॉर्न नसतो."

तात्या माझे शेजारी. लांज्याजवळच्या आमच्या वाडीत गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराकडे आहे. कोणी नोकरीला मुंबईला निघो, ऑपरेशनला रत्नागिरीला जावो की नवा टेम्पो घेवो, देवापुढे नारळ ठेवून तात्यांनी बोलायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, अशी रीत. इतर वाड्यांत हे काम चार वाक्यांत उरकतं. तात्यांचं उरकत नाही. जे जे वाईट होऊ शकतं ते सगळं आधीच देवाच्या कानावर घातलेलं बरं, असं त्यांचं मत आहे.

"बा देवा म्हाराजा, ह्यं तुजं लेकरू ममईला चाल्लंय. तेच्या गाडीचा टायर फुटू नये."

"व्हय म्हाराजा!"

"फुटलाच तर घाटात फुटू नये."

"व्हय म्हाराजा!"

"डायवरला पेंग येऊ नये. गाडी जेवायला थांबली तर ह्येला सोडून सुटू नये."

एकदा खाली रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला, तसा जाणारा पोरगा बॅग उचलून पळाला. तात्यांनी उरलेलं गाऱ्हाणं दिसेनाशा होणाऱ्या बसकडे तोंड करून पूर्ण केलं.

जाणाऱ्याला त्यांची एकच अट असते. "पोचलास की मिस कॉल दे. मी उचलणार नाय, तुजे पैसे नको जायला." तो मिस कॉल येईपर्यंत ते ओटीवरून हलत नाहीत आणि जेवत नाहीत.

बायको गेल्यानंतर तात्यांना त्रास सुरू झाला. छाती धडधडायची, हात बधिर व्हायचे, आता आपण मरणार असं वाटायचं. हृदयाच्या तपासण्यांत काही निघालं नाही. रत्नागिरीच्या मानसोपचार डॉक्टरांनी चिंताविकार असल्याचं सांगितलं आणि गोळ्या चालू केल्या. तात्यांनी ते लपवलं नाही. "काळीज धड हाय माजं," ते सांगत. "फकस्त काय झालेलं नसताना धावतं."

मुलगी सुनीता नवऱ्याबरोबर मस्कतला असते. तिचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं. सासू नाही, आई नाही. जाण्यासारखे तात्या एकटेच होते, आणि ते दारातून परत आले होते.

भीतीची थोडी थोडी सवय करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. तात्यांनी ओटीवरच्या खुर्चीला स्वतःला उपरण्याने बांधून घ्यायला सुरुवात केली. मग विमानात आवाज फार असतो असं कोणीतरी म्हणालं, म्हणून ते रोज पिठाच्या गिरणीत जाऊन डोळे मिटून बसू लागले.

गिरणीवाल्याने विचारलं, "तात्यानू, दळण कुटं हाय?"

"मीच," तात्या म्हणाले. "चालू कर."

निघण्याच्या दिवशी वाडी देवळात जमली. नारळ ठेवला गेला, पण बोलायला कोणी पुढे आलं नाही. स्वतःचं गाऱ्हाणं स्वतः घालायचं नसतं, असं तात्या म्हणत आले होते. दुसऱ्या कोणाला ते येत नव्हतं.

"आमाला नुस्तं व्हय म्हनाया येतं रे," यसूकाकी म्हणाली. ती तात्यांच्या पलीकडच्या घरातली. तात्यांनी मान डोलावली, बॅग उचलली आणि ते तसेच गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला. तात्या विमानात बसले होते. श्वास लागत होता.

"मी उतरतंय. ह्यानला सांग दार उघडाया."

डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतली का, असं मी विचारलं. घेतली होती. माझ्या अंगणात यसूकाकी आणि आणखी तीन-चार जणी शेंगा सोलत होत्या. मी फोन स्पीकरवर टाकला. काकी फोनवर वाकली.

"तात्या, काय काय व्हईल असं वाटतंय ता मोठ्यानं बोल. हितं आमी हाव."

तात्यांनी सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा. इमानाचं चाक निखळू नये."

"व्हय म्हाराजा!" बायका म्हणाल्या.

"पायलटाला चक्कर येऊ नये. पंख्यात पाखरू जाऊ नये."

"व्हय म्हाराजा!"

"शेजारचा बाबा माज्याकडं बघतोय, तो घाबरू नये."

"व्हय म्हाराजा!"

पलीकडून एक बाई फोन बंद करायला सांगत होती. तात्यांचा आवाज खाली आला.

"पोरीला ह्या टायमाला आवस लागते. तिची आवस तू नेलीस. बापूस येतोय. तेला काय येत नाय. तरी पोरीला उनं पडू नये."

मग काकी एकटीच म्हणाली, "व्हय म्हाराजा." तेव्हा फोन चालू होता की बंद झाला होता, हे मला सांगता येत नाही.

शेंगा संपल्या. बाकीच्या घरी गेल्या. काकी माझ्या ओटीवर बसून राहिली. चहा दिला, तो तिने घेतला नाही.

दिवेलागणीनंतर फोन एकदाच वाजला आणि थांबला. नंबर तात्यांचा होता.