नवसाबाईंचं माप

मंगळवारी सकाळी अकरा वाजता प्रतिभाने ब्लॉगवरचा नवा लेख प्रसिद्ध केला, फोन शिलाई मशीनवर उपडा ठेवला आणि ती गवारीच्या शेंगा मोडायला बसली. गवार शिजून खाली उतरेपर्यंत नवसाबाईंच्या छातीचं माप महाराष्ट्रभर पोचलेलं होतं.

हे तिला संध्याकाळी कळलं. तोवर ती खुशीत होती.

मखमलाबाद नाक्यापाशी 'प्रतिभा लेडीज टेलर' नावाची एक दहा बाय बाराची खोली सव्वीस वर्षं होती, आणि त्यातली चोवीस वर्षं ती नाक्यापलीकडे कुणाला ठाऊक नव्हती. ब्लॉगची कल्पना चैतालीची, म्हणजे लेकीची. ती कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. ती म्हणाली, आई, गिऱ्हाइकांशी दिवसभर जे बडबडतेस तेच लिही, फक्त मध्ये मध्ये पूर्णविराम दे. प्रतिभाने पहिला लेख लिहिला तो काखेत चुण्या का पडतात यावर. तो अकरा जणांनी वाचला. त्यातले सात नातेवाईक होते आणि एक ती स्वतः.

पण प्रतिभा शिलाईसुद्धा कुणाच्या हाताखाली शिकलेली नव्हती. उसवायचं आणि पुन्हा घालायचं, हीच तिची शाळा. ब्लॉगही ती तसाच शिकली. लेख मंगळवारी म्हणजे मंगळवारी, अंगात ताप असला तरी. फोटो ट्यूबलाइटखाली नाही, दारातल्या उजेडात. आणि मथळा असा, की बाई आरशासमोर मनातल्या मनात जे म्हणते तेच त्यात दिसलं पाहिजे. 'मुंढ्याची शास्त्रशुद्ध कापणी' कुणी उघडूनही पाहिलं नव्हतं. तोच लेख 'हात वर केला की ब्लाऊज का वर येतो' म्हणून टाकला, तर अकोल्याहून प्रश्न आले. प्रत्येकीला उत्तर द्यायचं, कालचाच प्रश्न आज आला तरी. आणि लेखाच्या तळाशी आपला धंदा: ब्लाऊजची तयार कागदी कटिंग पोस्टाने घरपोच. कापडावर ठेवा आणि कापा. दोन वर्षांत ही पाकिटं इतकी जायला लागली, की पोस्टातल्या खिडकीवरचा माणूस तिला बघितल्याबरोबर दोन्ही हातांनी जागा करायचा.

त्या मंगळवारच्या लेखाचा मथळा होता, 'माप घेतलं खरं, पण लिहिलं कुठे?' बायका मापं कॅलेंडरच्या मागे लिहितात, किराणाच्या यादीत लिहितात, मग शिवायच्या वेळी छातीच्या जागी साबुदाणा सापडतो. तेव्हा मापवही ठेवा, असा एकंदर उपदेश. त्यासाठी वहीच्या एका पानाचा फोटो हवा होता.

आता एक सांगायला हवं. प्रतिभाची मापवही म्हणजे देवघरातल्या कुंकवासारखी जपलेली वस्तू. पडदा ओढायचा, टेप लावायचा, गिऱ्हाईक पोट आत ओढायला लागलं की म्हणायचं, "ताई, श्वास सोडा. ब्लाऊज शिवायचाय, फोटो नाही काढायचा." मग आकडा ओठातल्या ओठात पुटपुटायचा आणि आपणच लिहायचा. दोन जावा एकत्र यायच्या आणि एकीचं दुसरीला कळायचं नाही. एक नवरा बायकोला न सांगता ब्लाऊज शिवून न्यायला आला होता. त्यालाही तिने माप सांगितलं नाही, घरून जुना ब्लाऊज चोरून आणायला लावला. नाक्यावरच्या बायका तिच्याकडे यायच्या त्या शिलाईसाठी थोड्या आणि या मौनासाठी जास्त.

मग तिने फोटो काढलाच का? कोऱ्या पानावर खोटी मापं लिहून बघितली होती, पण तिच्या हातून ती उतरेनात. बाई नाही आणि बाही कुणाची लिहायची? शेवटी तिने वहीतलं सगळ्यात शिकण्यासारखं पान काढलं. छाती बेचाळीस. डावा खांदा पाऊण इंच खाली. उजव्या दंडाचा घेर अर्धा इंच जास्त. वर नाव होतं, त्यावर लाल दोऱ्याचं रीळ ठेवलं आणि फोटो काढला. माप संपलं की पानाच्या तळाशी एक ओळ टाकायची तिला सव्वीस वर्षांची सवय होती. तिथे कुणाचं आणि कधी हवंय ते लिहायचं. ते तिच्या नजरेला दिसायचंच बंद झालं होतं. रीळ वर उभं राहिलं, आणि खाली ठळक अक्षरात राहिलं: 'नवसाबाई, गटाच्या कार्यक्रमाआधी.'

संध्याकाळी चैताली नाचतच आली. चाळीसच्या वर प्रतिक्रिया. नांदगावची एक बाई लिहीत होती, वीस वर्षं माझा ब्लाऊज एका बाजूला ओढतोय, शिंपी म्हणतो तुम्ही नीट उभ्या राहत नाही. ही नवसाबाई म्हणजे मीच. हरसूलची एक म्हणत होती, सगळीकडे बत्तीस-चौतीसची मापं, पहिल्यांदा कुणीतरी खरी बाई दाखवली. आणि खाली मागण्याच मागण्या: एक नवसाबाई कटिंग पाठवा, दोन नवसाबाई पाठवा, माझ्या बहिणीलाही नवसाबाईच येईल.

"आई, तू सुपरहिट झालीस," चैताली म्हणाली.

प्रतिभाने फोन हातात घेतला, फोटो मोठा केला, तळाशी गेली आणि मशीनला धरून खाली बसली.

नवसाबाई मखमलाबादच्या. घरचा झेंडू, घरची शेवंती. चाळीस वर्षं फुलांचं गाठोडं डाव्या खांद्यावर टाकून फुलबाजारात यायच्या. दुकान उघडल्यावरचं पहिलं गिऱ्हाईक त्या होत्या, आणि पहिलाच ब्लाऊज प्रतिभाने बिघडवला होता, बाह्या उलट लावल्या होत्या. नवसाबाई काही बोलल्या नाहीत. तो उलट्या बाह्यांचा ब्लाऊज घालून दिवसभर फुलं विकत बसल्या आणि विचारेल तिला प्रतिभाचा पत्ता दिला. अख्खा फुलबाजार त्या एका बाईमुळे या पडद्याआड आला होता. त्यांच्या बचत गटाचे बावीस जांभळे ब्लाऊज आत्ताही कपाटात कापून ठेवलेले होते. ते गेले असते तरी प्रतिभाला इतकं लागलं नसतं. पण नवसाबाई गेल्या, तर उद्यापासून टेप कुठल्या तोंडाने लावायचा?

"काढून टाक तो फोटो," ती म्हणाली.

चैतालीने काढला. पण तोवर तो व्हॉट्सॲपवर हिंडायला लागला होता, आणि वाचणाऱ्या बायका काही ऐकेनात. नवसाबाई कुठे गेल्या? परत आणा. बुधवारी सकाळी प्रतिभाने ठरवलं की माप ठेवायचं, नाव बदलायचं. पानाच्या तळाशी चिठ्ठी चिकटवली. कुणाचं नाव लिहावं हा विचार चालला होता तेवढ्यात वरच्या मजल्यावरून घरमालकीण पाण्याची मोटर बंद करा म्हणून ओरडली. घरमालकिणीचं नाव यशोदाबाई. हाताने तेच लिहिलं. नवा फोटो चढला, वर एक ओळ: आधीचं नाव चुकून पडलं होतं.

यशोदाबाई निवृत्त शिक्षिका. काठीला साडी नेसवावी तशा, छाती तीस, तीही प्रतिभाने मनाचा मोठेपणा दाखवून लिहिलेली. गुरुवारी सकाळी त्या जिना उतरून आल्या. त्यांच्या लेकीच्या सासूचा फोन आला होता. विहीणबाईंनी फार हळव्या आवाजात विचारलं होतं, की तुमचा खांदा कधीपासून उतरलाय आणि आम्हाला परकं समजून सांगितलं नाहीत का.

"बेचाळीस," यशोदाबाई म्हणाल्या. "मी. बेचाळीस."

प्रतिभाने माफी मागितली. यशोदाबाईंना माफी नको होती, जाहीर खुलासा हवा होता, आणि तो त्यांनी तिथेच उभं राहून शुद्धलेखनासह सांगितला: सदर माप कोणत्याही हयात स्त्रीचे नसून ते पूर्णतः काल्पनिक आहे. नवसाबाई अथवा यशोदाबाई नावाची व्यक्ती अस्तित्वात नाही.

तो खुलासा ब्लॉगवर चढला आणि प्रतिभाला वाटलं, सुटलो. अर्ध्या तासात हरसूलच्या बाईने लिहिलं, 'काल्पनिक असेल तर माझा खांदा कुणी उतरवला?' त्याखाली बायकांची रांगच लागली. आम्हाला खोटं सांगितलंत. आम्हाला वाटलं होतं आमच्यासारखी कुणीतरी आहे. दोघींनी मागण्या परत घेतल्या. ते प्रतिभाला चाललं असतं. पण एकीने नुसतं 'बरं' एवढंच लिहिलं होतं, ते तिला दिवसभर टोचत राहिलं.

शुक्रवारी तिने दुकान अर्धं लोटून ठेवलं. चैताली म्हणाली, आई, नवसाबाई आजींना कुठे फोनमधलं वाचता येतंय? आणि हे म्हणता म्हणता दोघींना एकदमच आठवलं, की त्यांची सून सृष्टी बारावी झालेली आहे आणि तिच्या हातात दिवसभर फोन असतो. गेल्याच महिन्यात प्रतिभाने स्वतः तिला ब्लॉग उघडून दिला होता आणि बाजारातल्या सगळ्यांना सांग म्हणून बजावलं होतं.

शनिवारी दुपारी बाजार आटोपून नवसाबाई आल्या. उरलेल्या झेंडूची पिशवी काउंटरवर ठेवली, चपला दाराशी काढल्या आणि चैतालीकडे बघितलं.

"पोरी, तू भाईर थांब. पडदा ओढ गं प्रतिभा. बोलायचंय."

प्रतिभाने पडदा ओढला. त्या अडीच फुटांत दोघी उभ्या राहिल्या, जशा सव्वीस वर्षं राहत होत्या. फक्त आज टेप कुणाच्याच हातात नव्हता.

"मावशी, चुकले मी," ती म्हणाली. "नाव झाकलं होतं, खालचं राहून गेलं. तुमचे ब्लाऊज मी शिवून देते, मग तुम्ही दुसरीकडे गेलात तरी..."

"सृष्टीनं वाचून दाखवलं," नवसाबाई तिला थांबवत म्हणाल्या. "समद्या बाजारात. उभं राहून."

"माप पण?"

"माप बी. आता माझं बेचाळीस हाय यात बाजाराला नवं काय? दिसतंय की." त्यांनी डाव्या खांद्यावरचा पदर सारखा केला. "मला वाटायचं, खांदा उतरला तो माझाच. पंगतीला बसले तरी पदर ह्या अंगाला घ्यायची मी. आन् पोरगी वाचतीया तर ही हरसूलची, ही नांदगावची, समद्यांचा उतरलेला. समद्या म्हणत्यात नवसाबाईसारखं, नवसाबाईसारखं. दिसभर मी लय खुशीत व्हते."

प्रतिभाने मान वर केली.

"मग मधीच तू माझा खांदा त्या वरच्या काटकुळीला दिऊन टाकलास. तिला पेलंल का त्यो? तरी म्हटलं, जाऊ दे. पण परवा काय लिव्हलंस? नवसाबाई नावाची बाईच नाय." त्यांचा आवाज पहिल्यांदा कापला. "मी जित्ती हाय ना गं?"

"आहात, मावशी."

"मग तसं लिव्ह."

पडद्याबाहेर चैताली फोनवर लिहायला लागल्याची टकटक ऐकू आली. म्हणजे नवसाबाई रागावल्या होत्या, पण सोडून जाण्याइतक्या नाही. न विचारता वही उघडली हे कसं पोटात घातलंत, असं प्रतिभाने चाचरत विचारलं.

"नाय घातलं," नवसाबाई म्हणाल्या. "इचारलं असतंस तर ताजं माप दिलं असतं. ते दोन वर्षांमागचं हाय. त्या बाया त्या मापाचं शिवतील आन् माझ्या नावानं खडे फोडतील. घे टेप."

प्रतिभाने टेप घेतला. छाती चव्वेचाळीस निघाली. ती सवयीने पुटपुटली, तर नवसाबाईंनी मोठ्याने म्हणायला लावलं, आणि खांदाही पुन्हा मोजायला लावला. तो होता तिथेच होता, पाऊण इंच. त्यांनी समाधानाने मान हलवली. मग वही मागून घेतली आणि पानं उलटत बसल्या. अक्षरं त्यांना लागत नव्हती, पण आकडे बाजाराने शिकवले होते, आणि त्या काहीतरी शोधत होत्या.

"ह्यात तुझं पान कोनतं?"

प्रतिभाचं पान नव्हतं. सव्वीस वर्षं ती जुन्या ब्लाऊजवर नवा ठेवून अंदाजानेच कापत आली होती, आणि तो जुना ब्लाऊज चैतालीच्या जन्माआधीचा होता.

"असं व्हय," नवसाबाई उठल्या आणि त्यांनी तिच्या गळ्यातून टेप काढून घेतला. "दुसऱ्याचं बरं छापता येतं. माझ्या खाली तुझं टाक, मंग माझं नाव लाव. हात वर कर."

नको म्हणायला प्रतिभाकडे तोंड नव्हतं. तिने हात वर केले. टेप पाठीमागून पुढे आला. फुलांच्या गाठी मारून मारून टणक झालेली ती बोटं समोर जुळली, आणि प्रतिभाने नकळत पोट आत घेतलं, छाती आत घेतली, जमलं असतं तर पाठही आत घेतली असती.

"श्वास सोड," नवसाबाई म्हणाल्या.

मंगळवारी संध्याकाळपासून धरून ठेवलेला श्वास प्रतिभाने सोडला. टेप तीन इंच पुढे सरकला.

"लिव्ह गं पोरी," नवसाबाईंनी पडद्याबाहेर हाक दिली. फुलबाजारात पलीकडच्या गल्लीतल्या गिऱ्हाइकाला शेवंतीचा भाव सांगायचा त्यांचा तो आवाज. "प्रतिभा, एक्केचाळीस."

वरच्या मजल्यावर यशोदाबाईंची खिडकी उघडल्याचा आवाज आला.