आहेर सरांचा मोडीचा तास

आहेर सरांनी एकदा वर्गाच्या दारावर मोडी लिपीतली चिठ्ठी लावली होती. आम्ही सगळ्यांनी ती पाहिली, सरांचं अक्षर काय सुरेख आहे म्हणालो आणि आत जाऊन बसलो. तासभर बसलो. सर आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "काल कोण कोण हजर होतं?" सगळ्यांनी अभिमानाने हात वर केले. मी तर दोन्ही केले.

"हात वर असलेले सगळे नापास," सर म्हणाले. "आज तास नाही, घरी जा, असं लिहिलं होतं."

वर्गात फक्त निफाडचा ओंकार आला नव्हता. तो द्राक्षाच्या बागेत फवारणीला थांबला होता आणि ती चिठ्ठी त्याने लांबूनही पाहिली नव्हती. सर मात्र आठवडाभर त्याच्याकडे कौतुकाने बघत होते, आणि तोही मोठ्या नम्रपणे ते कौतुक घेत होता.

मी त्या वर्गातली सगळ्यात पुढच्या बाकावरची विद्यार्थिनी. वय सदुसष्ट. नातीने, सईने, माझा प्रवेश घेऊन टाकला. म्हणाली, "आजी, तू दिवसभर माझ्या मोबाइलमध्ये डोकावतेस, त्यापेक्षा बी. ए. कर."

याआधी मी कॉलेजात गेले ती सतराव्या वर्षी, एकच टर्म. त्या टर्ममध्ये काय शिकले म्हणाल, तर निऱ्या न विस्कटता सायकल चालवायला. स्वतःला मी फार देखणी समजायचे. तास चालू असताना खिडकीच्या काचेत स्वतःला न्याहाळत बसायचे आणि शिकवणाऱ्यांना वाटायचं, पोर विचारात पडलीये. मग लग्न ठरलं. "शिक्षण अर्धवट राहिलं गं," असं मी मैत्रिणींना डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. पाणी खरं होतं, पण ते सायकल माहेरी राहणार म्हणून होतं.

आता सेमिस्टर असतं आणि क्रेडिट्स असतात. योगाचेही क्रेडिट्स आहेत. शवासनात मला गाढ झोप लागली, तर मॅडमनी सगळ्यांना माझं उदाहरण दिलं. पर्यावरणाच्या तासाला मॅडम दर वेळी मला विचारत, "आजी, तुमच्या लहानपणी गोदावरी कशी होती?" मी जे मनाला येईल ते सांगे आणि मुलं ते उतरवून घेत. कॉम्प्युटरबद्दल न बोललेलं बरं. आणि चौथा पेपर आहेर सरांचा, मोडी.

सर मूळचे सटाण्याकडचे. निवृत्त झालेले, पण तासांपुरते येत. मोडी लिहिताना आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली हात न उचलता लिहीत सुटायचं. दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही. सरांचं बोलणंही तसंच. "बसा पंखा लावा आजी तुमचा चष्मा कुठाय ओंकार पेन असं धरतात का हात उचलू नका मी काल पंचवटीत भाजी घ्यायला गेलो तर मेथी अशी होती हाई काय शे रेघ वाकडी गेली." यातलं मेथीचं काय झालं हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. राग आला की अहिराणी मधेच डोकावायची, आणि राग त्यांना फक्त वाकड्या रेघेचा यायचा.

"हात उचलू नका" हे तर सतत. फळ्यापाशी म्हणायचे, पोरं मिसळ खाताना म्हणायचे, जिन्यात कठडा धरलेल्या मलाही म्हणायचे.

सर सगळंच मोडीत लिहीत. रजेचा अर्जसुद्धा. प्राचार्यांना तो वाचता येत नसे, पण इतिहासाचे असल्यामुळे तसं कबूल करता येत नसे, म्हणून ते सही करत. कॅन्टीनमध्ये सर चिठ्ठी देत. कॅन्टीनवाला ती डोळ्यांपुढे धरून मान हलवी आणि जे उरलं असेल ते आणून ठेवी. सर तेच मागवल्यासारखं खात.

एकदा त्यांनी एक जुना कागद घरी वाचायला दिला. मुलांनी त्याचा फोटो काढून मोबाइललाच विचारलं. मोबाइलने सांगितलं, हे बाळंतिणीच्या काढ्याचं आहे. आम्ही सगळ्यांनी एकसारखा काढा लिहून नेला. कागद बैलाच्या खरेदीचा होता. सर खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. नंतर म्हणाले, "निदान सगळे एका बैलाभोवती जमलात."

सेमिस्टर संपत आलं तेव्हा नोटीस लागली. पुढच्या सेमिस्टरला पंधरा मुलं मिळाली नाहीत तर मोडीचा पेपर बंद. आणि पेपर बंद म्हणजे सरांचं कॉलेजात येणं बंद. सरांच्या घरी दुसरं कोणी नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लांब दिली. हे त्यांनीच एकदा सांगितलं होतं, मेथी आणि वेलांटीच्या मधे.

मी कामाला लागले. डबाभर चकल्या केल्या आणि एकेका पोराला गाठलं. हरसूलची ऋतुजा म्हणाली, "आजी, मोडी लय अवघड हाय."

"चकली सोपी आहे ना?" मी म्हटलं. "मग ये."

विषय निवडायच्या दिवशी आवारात टेबलं मांडली होती. डिजिटल मार्केटिंगवाल्यांनी स्पीकर लावला होता. सरांच्या टेबलावर दौत, बोरू आणि सर. मी पोरांना घेऊन गेले आणि लांब उभी राहून बघू लागले.

ऋतुजा पुढे झाली. सरांनी विचारलं, "तुझी पोलीस भरतीची तयारी चालू आहे ना? मैदान किती वाजता?"

"सकाळी, सर."

"माझा तासही सकाळी. रोज धावून घामाघूम येशील आणि इथे झोपशील. तो पलीकडचा पेपर दुपारी असतो, तो घे."

ओंकारला म्हणाले, "तुला द्राक्षं बाहेर पाठवायचीत. तिथले लोक मोडीत ऑर्डर देत नाहीत. इंग्रजी पत्रव्यवहार घे, जा." मी चकल्या देऊन आणत होते आणि सर प्रत्येकाची विचारपूस करून पुढच्या टेबलाकडे पाठवत होते. जाताना पोरं वाकून नमस्कार करत होती, म्हणजे जाणं आणखीच पक्कं.

दुपारपर्यंत टेबल रिकामं. मी तणतणत गेले. "सर, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय."

"त्यांना काय अडकवून ठेवू?" सर म्हणाले. एवढंच. या वेळी वाक्य संपलं.

"मग मला घ्या," मी म्हटलं.

"एका आजीवर पेपर चालत नाही."

"घरी चालतो. चहाला या."

एरवी प्रत्येक गोष्टीवर वाद घालणारे सर लगेच म्हणाले, "कोणत्या वारी?"

तेव्हापासून ते मंगळवारी येतात. इस्त्रीचा सदरा, बगलेत कागद. माझ्या एकटीसमोर भरल्या वर्गासारख्या खणखणीत आवाजात शिकवतात. खालच्या मजल्यावरच्या काकूंनाही आता बाराखडी येत असावी. तास संपला की कागद गोळा करायला त्यांना फार वेळ लागतो. एकेक कागद सरळ करतात, पुन्हा मोजतात, पंख्याकडे बघतात. मग विचारतात, "पुढच्या मंगळवारी आहात ना घरी?"

मला आता मोडी बऱ्यापैकी वाचता येते. हे मी सरांना सांगितलेलं नाही. अभ्यासक्रम पूर्ण झाला असं एकदा त्यांनी जाहीर केलं की संपलं. म्हणून मी दर मंगळवारी कुठेतरी अडखळते. कॉलेजात काही न येता नापास व्हायची मला सवय होती, येत असून व्हायला जरा कसब लागतं.

परवा मी जरा जास्तच अडखळले. सोपी ओळ होती, सईनेही वाचली असती. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, पकडली गेले.

त्यांनी नवा कागद ओढला, त्यावर सावकाश आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "काही घाई नाही, आजी. पुन्हा पहिल्यापासून घेऊ."