दुर्बीण चार बोटे सरकल्याची कैफियत

श्री. सर्वसाक्षी परमेश्वरास दंडवत घालोन लिहिणे ऐसे जे, ज्या दयाळाने माणसास डोळे दिले त्याने वरती भुवया कशास दिल्या, याचा उलगडा ज्या मोहिमेत जाहला तिची हकीकत यथामती सांगतो, श्रोतेजनांनी अवधान द्यावे.

मोजणी खात्यात तीस वर्षे चाकरी करोन निवृत्त जाहलेले मोजणीदारसाहेब हद्दीचे मोठे करडे. सख्ख्या भावांच्या भांडणातही त्यांनी कोणास चार बोटे जमीन इकडची तिकडे करू दिली नाही. त्यांस उतारवयी नेमबाजीचा छंद उपजला. सबब इतकीच की त्यांचे मेहुणे, दातांचे डॉक्टर, नेमबाजी मंडळात दर रविवारी फत्ते करीत आणि बहिणीकडे, म्हणजे साहेबांच्याच घरी, जेवता जेवता ती सविस्तर सांगत. मग साहेबांनी रायफल आणिली आणि मागची खोली काबीज केली. ती खोली बाईसाहेबांच्या शिलाई यंत्रास कबूल जाहली होती. यंत्र सहा वर्षे जिन्याखाली वनवास भोगीत होते आणि बाईसाहेब तेथे दिवसाढवळ्या दिवा लावोन, मान मोडोन गिऱ्हाइकांचे कपडे शिवीत. त्यांनी फर्मान काढिले की येत्या रविवारच्या सामन्यात एक तरी गोळी काळ्या वर्तुळात बसावी, न बसल्यास खोली यंत्राकडे जावी. साहेबांनी मान्य केले आणि ते मिशीतल्या मिशीत हसले.

पुढे रायफलीवरची दुर्बीण निवडण्यास खाशी स्वारी दुकानात दाखल जाहली. दुकानदार भला माणूस, त्याने चार पट दाखविणारी लहान नळी पुढे ठेवोन अर्ज केला की नवशिक्यास हीच बरी, निदान निशाण सापडते. साहेबांनी तिजकडे तुच्छतेने पाहोन चोवीस पटीची, हातभर लांबीची दुर्बीण पसंत केली. दुकानदाराने पुन्हा विनविले की रायफल आधी खांद्यास लावावी, डोळा आणि काच यांत चार बोटे अंतर राखावे, मगच स्क्रू आवळावे.

"तीस वर्षं दुर्बिणीला डोळा लावून बसलोय मी," साहेब म्हणाले. "तुम्ही फक्त पिशवी द्या."

आणि श्रोतेहो, गोष्ट खरी होती, घात तेथेच जाहला. मोजणीची दुर्बीण तिपाईवर गरीब गाईसारखी उभी राहते, तिने जन्मात कोणास लाथ मारिली नाही.

मग तीन दिवस मागच्या खोलीत दुर्बीण चढविण्याची मसलत चालली. रायफल मेजावर जखडिली, खिडकीत ओळंबा टांगिला आणि काचेतली फुली त्याच्या दोरीशी केसाच्या अंतराने जुळविली. हे काम ऐसे चोख जाहले की शत्रूनेही वाखाणावे. मध्येच एक स्क्रू फरार होऊन जिन्याखाली यंत्राच्या आश्रयास गेला, तेव्हा बाईसाहेबांनी टाचण्या गोळा करावयाचे लोहचुंबक फिरवोन त्यास कैद करोन आणिले आणि सहज विचारिले की बंदूक एकदा खांद्याला तरी लावून बघितली का. त्यावर हुकूम जाहला की हे काम सुईत दोरा ओवण्याचे नव्हे. उपरांत साहेबांनी मेजावर ओणवे होऊन सवयीप्रमाणे डोळा काचेस भिडविला आणि तेथेच स्क्रू आवळिले.

रविवारी मैदानी उभय पक्ष शेजारी शेजारी आडवे जाहले, साहेब चौथ्या पट्ट्यात, मेहुणे पाचव्या. बाईसाहेब दोरीमागे उभ्या. चोवीस पटीच्या काचेतून साहेबांस प्रथम गवताची काडी ताडाएवढी दिसली, मग मुंगी, मग बरीच माती, आणि बऱ्याच शोधाअंती एक काळे वर्तुळ हाती लागले. त्यांनी श्वास रोधोन चाप ओढिला. रायफलीने खांद्यास धक्का दिला, दुर्बीण मागे आली आणि उजव्या भुवईवर चंद्रकोर कोरोन गेली. रक्त आले. मेहुणे आपली फत्ते टाकोन धावले.

"टाके घालू का, दाजी?" त्यांनी रुमाल दाबीत विचारिले. "सवय दातांची आहे, पण हात हलका आहे."

सामना थांबला, पंचांनी निशाणांचे कागद आणिले. साहेबांचा कागद कोरा करकरीत. मेहुण्यांच्या कागदावर मात्र एक भोक ज्यादा, तेही काळ्या वर्तुळाच्या ऐन मध्यात. तेव्हा जखमी साहेब उठोन बसले आणि वकिली मांडिली की फर्मानात काळे वर्तुळ लिहिले आहे, कोणाचे ते लिहिले नाही, सबब खोली राखिली.

बाईसाहेब जवळ आल्या. आवाज चढविला नाही.

"अहो, जन्मभर लोकांना काय सांगत आलात? दुसऱ्याच्या हद्दीत बांधलेलं आपलं नसतं. मग ते कितीही सरळ बांधलेलं असो."

साहेबांस आपले तीस वर्षांचे निकाल एकदम आठवले, आणि ते ऐकोन मुकाट घरी गेलेली माणसेही आठवली.

दुपारी यंत्राने मागच्या खोलीत प्रवेश केला आणि खिडकीखाली ठाण मांडिले. साहेबांनी आपल्या हाताने ओळंबा उतरविला. रायफलीस बाईसाहेबांनी भिंतीवर दोन खुंट्या बहाल केल्या, मग रिकामी रायफल साहेबांच्या खांद्यास लावविली, मान सरळ करविली आणि गळ्यातली टेप काढोन डोळ्यापासून काच मोजिली. साहेबांनी स्क्रू सैल केले.

"सरकवा पुढे. अजून. आता?"

"आता सगळं दिसतंय," साहेब म्हणाले.

येणेप्रमाणे मोहीम तमाम जाहली. साहेबांकडील जायबंदी एक भुवई, पाडाव एक खोली. बाईसाहेबांकडे एक खिडकी आली आणि तिचा उजेड आला. दुर्बीण चार बोटे पुढे गेली. इतकी जागा साहेबांनी आयुष्यात प्रथमच कोणाच्या सांगण्यावरून सोडिली, तीच ईश्वरकृपेने त्यांची फत्ते म्हणोन येथे नमूद केली असे.