बोटभर उघडी काच

गाडीची मागची काच दुरुस्त करून घ्यायची, एवढंच ठरलं होतं. घर विकायचं नव्हतं, गाव सोडायचं नव्हतं. पण सोंबोर गावात एकदा कुणाची उघडी काच बंद करायचं ठरलं, की त्या नादात घरातलं काय काय उघडं पडेल ते सांगता येत नाही.

गाडी सासऱ्यांच्या वेळची. लाल आणि चौकोनी, साबणाच्या वडीसारखी. झिजलीही तशीच, कडांनी. सासरे गेले, गाडी राहिली, आणि एक दिवस तिची मागची डावी काच बोटभर खाली घसरली ती तिथेच अडकून बसली. हँडल फिरवलं तर हँडल गोल गोल फिरायचं, काच मात्र जागची हलायची नाही. गाडी चालू झाली की त्या फटीतून वारा शिरायचा आणि बारीक शीळ घालायचा. ऊऽऽ, ऊऽऽ, लांब कुठल्या शेतातून कुणी हाक मारत असल्यासारखी.

नेवेनाची त्या शिळेबद्दल काही तक्रार नव्हती. तिला काळजी होती ती वुकानची. वुकान अजून रांगायलाही लागला नव्हता आणि घरात झोपायचाच नाही. पाळण्यात नाही, मांडीवर नाही, खांद्यावर नाही. डोळे टक्क उघडे ठेवून आईकडे बघत राहायचा आणि आई त्याच्याकडे. श्वास घेतोय ना? कपाळ गरम नाही ना? मघापासून खोकला कसा नाही? आणि खोकला तर का खोकला? (शेजारणीचं बाळ झोपलं की शेजारीण खुशाल केस धुवायला जायची. नेवेनाला ते फार धाडसाचं वाटायचं.)

पण दुपारचं जेवण झालं की तिचा नवरा रास्तको गाडी काढायचा. तिघं कालव्याच्या रस्त्याला लागायचे. दोन्ही बाजूंनी झाडं वरती एकमेकांना टेकलेली, त्यांच्यामधून ऊन नाण्यांसारखं सांडलेलं, लिंडेनच्या फुलांचा गोड वास, आणि ती शीळ. सूर्यफुलांची शेतं येईपर्यंत वुकान झोपलेला असायचा.

नेवेना मागे त्याच्या शेजारी बसायची. वारा लागू नये म्हणून फटीत उशी कोंबायची, आणि उशी पडू नये म्हणून तिच्यावर डोकं दाबून धरायची. ती स्वतः झोपायची नाही. आईला कुठली झोप? क्षणभर डोळे मिटायची, एवढंच. (त्या एका क्षणात गाडी कालवा आणि वीटभट्टी ओलांडून परत घराच्या फाटकाशी कशी यायची, हा प्रश्न तिने कधी काढला नाही.)

असं छान चाललं होतं. मग एक दिवस सासूबाईंनी ती फट पाहिली.

यागोदाबाई खालच्या मजल्यावर राहायच्या. त्यांच्या मते माणूस दोनच गोष्टींनी मरतो, एक म्हातारपणाने आणि दुसरं आरपार वाऱ्याने. त्यातल्या म्हातारपणावर त्यांचा अजून पुरता विश्वास बसला नव्हता. एका खिडकीतून आत येणारा आणि दुसरीतून बाहेर जाणारा वारा त्यांनी आयुष्यभर अडवला होता. दातदुखी, पाठदुखी, शेजारच्या पोरीचं मोडलेलं लग्न, सगळ्याच्या मुळाशी कुणीतरी उघडी टाकलेली दुसरी खिडकी असायची. त्या एकट्याच अशा होत्या असंही नाही. भर उन्हाळ्यात तिकडच्या बसमध्ये कुणी दुसरी खिडकी उघडली, तर अख्खी बस वळून त्याच्याकडे बघते.

"हे काय?" फाटकाशी थांबलेल्या गाडीकडे बोट करून त्यांनी विचारलं.

"काच, आई."

"काच दिसतेय मला. काचेच्या वर काय आहे?"

"थोडी फट आहे."

"आणि पुढच्या काचा?"

"उकडतं म्हणून रास्तको आपली थोडी उघडतो."

यागोदाबाईंनी फाटकाचा आधार घेतला. "म्हणजे वारा इकडून शिरतो नि तिकडून निघतो! आणि मधे कोण? मधे माझा नातू!"

"आई, मी उशी लावते ना."

"उशीने वारा अडला असता तर लोकांनी घराला भिंती कशाला बांधल्या असत्या?"

नेवेनाने वुकानला छातीशी धरलं. वारा आपल्या लक्षात कसा आला नाही? उशीच्या कडेने थोडासा येतच असणार. तो वुकानच्या कानात शिरला असेल, तिथून डोक्यात. "रास्तको, आत्ताच्या आत्ता मिस्त्रीकडे चल."

"अगं, राहू दे की ती काच," रास्तको म्हणाला. "बरी आहे तशी."

"बरी? पोराच्या जिवावर उठलाय का तुम्ही बापलेक?" असं सासूबाई म्हणाल्या. (बाप वरती भिंतीवर फोटोत होता, पण काच त्याच्या वेळची होती.)

चेदामिस्त्रीचं गॅरेज म्हणजे अक्रोडाच्या झाडाखालचं एक मोठं दार. चेदामिस्त्री आधी कॉफी पितो, मग गाडीभोवती एक फेरी मारतो, मग कमरेवर हात ठेवून तिकडचा प्रत्येक मिस्त्री विचारतो तोच प्रश्न विचारतो. तसा त्याने विचारला.

"हे कुणी करून ठेवलंय?"

"तुम्हीच," रास्तको म्हणाला. "मागच्या हिवाळ्यात."

चेदामिस्त्रीने काचेकडे पुन्हा नीट पाहिलं. "काम चांगलं आहे," तो म्हणाला. "रबर वाईट होतं."

त्याने दाराचं आतलं पॅनेल काढलं, काच वर ओढली, नवं रबर घातलं. काच अशी बसली, की आत बसल्यावर बाहेरचं जग मुकं झालं. नेवेनाने उशी घरी नेऊन कपाटात ठेवली. यागोदाबाईंनी काचेच्या कडेला ओलं बोट धरून पाहिलं आणि समाधानाने मान डोलावली.

आणि वुकान झोपायचा बंद झाला.

दुपारी तीच झाडं, तेच ऊन, तोच वास. वुकान आपला टक्क जागा. नेवेना ताठ बसून त्याच्याकडे बघतेय, तो तिच्याकडे बघतोय. सूर्यफुलं आली, गेली. वीटभट्टी आली, गेली. परत फाटक आलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी रास्तकोने पेट्रोल संपेपर्यंत गाडी फिरवली आणि तिघं कालव्याकाठी बदकं बघत बसले.

नेवेना आता जागेपणीच तरंगायला लागली. सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं दिसायचं. चालता चालता भिंती हळूच बाजूला सरून वाट द्यायच्या. एकदा रास्तकोच्या सपाता फ्रीजमध्ये सापडल्या आणि सायीचा डबा दाराशी चपलांच्या फळीवर. कपडे वाळत घालताना तिला वाटलं की दोरीवरच्या चादरी आपल्याशी हळू आवाजात बोलताहेत. ती बराच वेळ ऐकत उभी राहिली. चादरी तशा समजूतदार वाटल्या.

त्या चादरींपाशीच तिच्या डोक्यात उजेड पडला. शीळ! पोर त्या शिळेवर झोपत होतं. काच बसली आणि शीळ गेली.

"रास्तको, तू शीळ घाल."

"कोण? मी?"

"गाडी चालवताना. तशीच, बारीक."

रास्तकोने घातली. लग्नात वाजवतात तशी नाचाची चाल निघाली. वुकान हातपाय नाचवायला लागला.

"नाच नको, वारा हवाय!"

"वाऱ्याची चाल मला येत नाही गं."

मग त्याने रिकामी बाटली तोंडाशी धरून फुंकून पाहिलं. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला वाटलं, हा भर दुपारी गाडी चालवता चालवता पितोय. त्याने हात जोडून, शेतात उतरून वाट दिली. एवढं झाल्यावर रास्तको म्हणाला, "नेवेना, ऐक माझं जरा. ती शीळ नव्हती..."

"तू गप्प बस," नेवेना म्हणाली. "आईला कळतं."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गाडी घेऊन चेदामिस्त्रीकडे गेली.

"मिस्त्री, काच परत खाली करून द्या. बोटभर."

चेदामिस्त्रीने कॉफीचा कप खाली ठेवला. "सूनबाई, मी काच बसवली की ती बसते. लोक मोडलेलं घेऊन येतात नि नीट करून नेतात. तुम्ही नीट घेऊन आलात मोडायला?"

"पोर झोपत नाही हो."

"मग पोराचं काहीतरी करा. माझ्या कामाला का हात लावता? उद्या कुणी विचारलं, हे कुणी केलंय, तर नाव कुणाचं येणार?"

"बरं. मग पुलापलीकडच्या मिस्त्रीकडे जाते."

"त्याच्याकडे?" चेदामिस्त्री ताडकन उठला. "तो मेव्हणा आहे माझा, हातोड्याशिवाय त्याला काही येत नाही. आणा इकडे ती गाडी. मोडायचीच असेल तर निदान नीट मोडू." पॅनेल काढता काढता त्याने मान वर केली. "बोटभर म्हणजे कुणाचं बोट, तुमचं की माझं?"

"जुनी होती तेवढी."

"म्हणजे माझंच."

फट परत आली. कपाटातली उशी परत आली. आता फक्त सासूबाईंना कळू द्यायचं नव्हतं. नेवेनाने गाडी अंगणात उलटी लावली, डावी बाजू कुंपणाकडे. रविवारी जेवण झालं, आणि यागोदाबाई जाड लोकरी रुमाल बांधून, पर्स घेऊन, फाटकाशी उभ्या.

"मी पण येते आज. पोर गाडीत झोपत नाही म्हणता, बघू तर खरं."

"आई, उकडेल तुम्हाला!"

"उकडून कुणी मेलेलं मी तरी ऐकलेलं नाही," असं म्हणून त्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

आता एकच उपाय होता. नेवेना पटकन मागे शिरली, उशी फटीत कोंबली आणि तिच्यावर डोकं घट्ट दाबून बसली. गाडी निघाली. शीळ येऊ नये म्हणून तिने आणखी दाबलं. तरी कडेने थोडीशी आलीच, ऊऽऽ, आणि सासूबाई मागे वळतील या भीतीने नेवेनाने डोळे मिटून घेतले. क्षणभरच.

तिला दिसलं की सूर्यफुलं रस्त्यात येऊन उभी राहिली आहेत आणि एकेक मान वाकवून गाडीत डोकावताहेत. चेदामिस्त्री होडीतून कालव्यावरून चालला आहे आणि आकाशाला रबर बसवतो आहे. त्या फुलांमध्ये कुणीतरी हळू बोलत होतं. चादरी असतील, तिला वाटलं. पण आवाज सासूबाईंचा होता.

"झोपली का?"

"झोपली," रास्तको म्हणाला.

"बरं झालं. आता तो पण झोपेल."

"झोपला बघ. ती झोपली की दोन मिनिटांत झोपतो. ती जागी असली की पोर तरी काय करणार, समोर एवढे मोठे घाबरलेले डोळे. त्यालाही वाटतं, काहीतरी होणार आहे, आपण बघायला हवं."

"मग हे तू तिला सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला दोघींना काही सांगता येतं का? 'तू गाडीत झोपतेस' असं तिला म्हटलं असतं, तर ती पुन्हा गाडीत बसलीच नसती. त्यात तू काच नीट करायला लावलीस. काच नीट झाली, उशी गेली, उशीबरोबर तिची झोप गेली, नि तिच्याबरोबर त्याची."

"म्हणून आता पुन्हा मोडून आणली वाटतं," यागोदाबाई म्हणाल्या. "कुंपणाला चिकटवून ठेवली की मला दिसणार नाही! ह्या पोरीला वाटतं मी डोळ्यांनी बघते. फट मला मानेला कळते."

"आई, वारा लागतोय का तुला? माझी काच पण उघडी आहे. लावू?"

"लागू दे," त्या म्हणाल्या. "लावू नकोस. ती काच लावलीस की उकडेल, आणि ती उठेल. मी कानात कापूस घालून आले आहे. तिला सांगू नको."

नेवेनाला हे सगळं ऐकू आलं. रागवावं की रडावं तिला कळेना. यागोदाबाई आरपार वाऱ्यात बसल्या होत्या, स्वतःच्या मर्जीने! नेवेनाने ठरवलं की आपण जागे आहोत हे कुणाला कळू द्यायचं नाही. मस्त डोळे मिटून पडायचं, आणि फक्त एकदाच, एका डोळ्याच्या कोपऱ्यातून, वुकान श्वास घेतोय ना तेवढं बघायचं. एकदाच. मग नाही.

तिने डावा डोळा किंचित उघडला.

वुकानने दोन्ही उघडले.

"झालं!" रास्तको आरशात बघून म्हणाला. "उठली."

"मी झोपलेच नव्हते," नेवेना ताठ बसत म्हणाली. "मी आपली क्षणभर..."

रास्तकोने सुस्कारा सोडला आणि घराकडे वळायच्या ऐवजी गाडी पुन्हा कालव्याच्या रस्त्याला घातली. झाडं परत वरून सरकायला लागली. यागोदाबाई पुढच्या सीटवरून वळल्या, रुमाल कानांवर घट्ट ओढला, हात लांब करून मागे आणला आणि गुणगुणत थोपटायला लागल्या.

वुकान कौतुकाने बघत होता. आजी आईला थोपटत होती.